आठवड्याचा पावसाचा अंदाज आपल्या गावापुरता कसा वाचायचा

हवामान खात्याचा अंदाज जिल्ह्यासाठी असतो, पाऊस मात्र वाडी-वस्तीवर पडतो. या दोन्हींमधलं अंतर वाचणाऱ्यानेच भरून काढायचं असतं. ते जमलं नाही की ‘यलो अलर्ट’ बघून छत्री घेतली आणि दिवसभर ऊन पडलं, म्हणजे खातं चुकलं असं म्हणून आपण मोकळे होतो. खालची पद्धत महाराष्ट्र आणि गोव्यासाठी आहे. इथे नव्याने राहायला आलेले, नुकतीच शेती हातात घेतलेले आणि सुटीला घाटात भटकणारे, तिघांनाही ती वापरता येईल. सामान फार लागत नाही: मोबाइल, एक वही, आणि जमलं तर घरी बनवलेला पर्जन्यमापक.

आधी आपली जागा ठरवा

हवामान विभाग राज्याचे चार भाग करतो: कोकण (गोव्यासह), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. यातला मध्य महाराष्ट्र सगळ्यात फसवा. खानदेशापासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंतचा हा पट्टा, म्हणजे सह्याद्रीचा माथाही त्यातच आणि कोरडा माणदेशही त्यातच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तिथून तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईला तो सातशे-आठशेवर येतो. जिल्हा एक, अंदाजातली ओळही बहुतेक वेळा एकच.

म्हणून पहिलं काम नकाशावर करायचं. सह्याद्रीच्या माथ्याची रेषा शोधा आणि आपलं गाव तिच्या कोणत्या बाजूला, किती लांब आहे ते मोजा. पश्चिमेला असाल तर किनारा आणि पायथा यांत फरक करा. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगराला धडकून वर चढते, थंड होते आणि तिथेच रिकामी होते. त्यामुळे किनाऱ्यापेक्षा पायथ्याला जास्त आणि माथ्यावर त्याहून जास्त पाऊस पडतो. माथ्याच्या पूर्वेला तीच हवा खाली उतरते, तापते आणि ढग विरायला लागतात. माथ्यापासून वीस-तीस किलोमीटर आत गेलं की पाऊस कित्येक पटींनी कमी होतो. जत, आटपाडी, माण, खटाव ही सगळी पर्जन्यछायेतली नावं.

दुसरं काम: गावाच्या वर कोणतं धरण आणि कोणती नदी आहे ते बघून ठेवा. २५ जुलै २०२४ रोजी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत साडेपाचशे मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर पुण्यात शिवाजीनगरला ११४ मिमी. सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं ते मुख्यतः खडकवासल्यातून मुठेत सोडलेल्या पाण्याने. नदीकाठी राहणाऱ्याने डोक्यावरच्या ढगाआधी धरणाचा विसर्ग बघावा.

अंदाज उघडल्यावर हा क्रम ठेवा

‘मौसम’ ॲपवर किंवा मुंबई आणि नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रांच्या पानावर जिल्हानिहाय अंदाज मिळतो. आधी रंग बघायचा मोह होतो. तो शेवटी बघा.

सुरुवात दिवसापासून करा, कारण खात्याचा दिवस आपल्यासारखा रात्री बाराला बदलत नाही. तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा चालतो. सोमवारच्या अंदाजात सोमवारची रात्र आणि मंगळवारची पहाटही येते. मोजलेला पाऊस मात्र ज्या सकाळी मोजला त्या तारखेवर नोंदला जातो. मंगळवारी पहाटे तीनला कोसळलेला पाऊस अंदाजात ‘सोमवार’च्या खाली असतो आणि नोंदीत ‘मंगळवार’च्या. हे ठाऊक नसेल तर बरोबर आलेला अंदाजही चुकल्यासारखा वाटतो.

मग व्याप्ती बघा. हे शब्द सैल वाटतात, पण त्यांना ठरलेले अर्थ आहेत. त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ टक्क्यांना ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्यापुढे ‘बहुतांश’ किंवा ‘सर्वत्र’. भाषांतर करणाऱ्यागणिक शब्द थोडे बदलतात, पायऱ्या चारच. जिल्ह्यात चाळीस केंद्रं असतील आणि अंदाज ‘तुरळक ठिकाणी’चा असेल, तर तीस किंवा त्याहून जास्त केंद्रं कोरडी राहूनही अंदाज खरा ठरतो.

त्यानंतर जोर. चोवीस तासांच्या पावसाची मोजपट्टी अशी:

- हलका: २.५ ते १५.५ मिमी
- मध्यम: १५.६ ते ६४.४ मिमी
- जोरदार: ६४.५ ते ११५.५ मिमी
- अतिजोरदार: ११५.६ ते २०४.४ मिमी
- अत्यंत जोरदार: २०४.५ मिमी आणि पुढे

२.५ मिमीच्या आत पडला तर तो ‘पावसाचा दिवस’ म्हणून मोजतही नाहीत. ‘मध्यम’ची पायरी किती रुंद आहे ते लक्षात घ्या. दिवसभर रिपरिप होऊन २० मिमी झाला तरी मध्यम, आणि संध्याकाळी तासाभरात ६० मिमी कोसळून रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं तरीही मध्यमच. शहरातल्या माणसाला चोवीस तासांच्या बेरजेपेक्षा तासाचा जोर महत्त्वाचा, आणि तो आठवड्याच्या अंदाजात नसतो. शासकीय कामात ‘अतिवृष्टी’ म्हणजे महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांचा गट) चोवीस तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस. वर्तमानपत्रात हा शब्द कशालाही वापरतात, त्यामुळे बातमीत मिलिमीटर दिले असतील तर तेच वाचा.

आता रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. रंग ठरवताना किती पाऊस, किती शक्यता आणि त्याचा परिणाम काय, हे सगळं धरलेलं असतं. रंगाखाली कारण लिहिलेलं असतं ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुलैतला पिवळा बहुधा जोरदार पावसाचा, मे आणि ऑक्टोबरमधला बहुधा विजा आणि ताशी ३० ते ४० किमीच्या वाऱ्याचा. पहिल्यात रस्ता बघायचा, दुसऱ्यात झाडाखालची गाडी हलवायची. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांना घाटासाठी वेगळा इशारा दिला जातो. ‘पुणे घाट’ लाल आणि ‘पुणे’ पिवळा असेल तर शहरातल्या शाळेचं काय होणार हे त्या लाल रंगावरून ठरवू नका.

हे सगळं एका ओळीवर लावून बघू. समजा अंदाज आहे: ‘पुणे जिल्ह्यात काही ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस, घाट भागात तुरळक ठिकाणी अतिजोरदार पावसाची शक्यता.’ मुळशीच्या पश्चिमेला असाल तर दिवसभर संततधार धरून चाला. नेमका तुमच्याच गावात ११५ मिमीच्या वर जाईल का ते सांगता येत नाही, पण तयारी त्याचीच ठेवा. कोथरूडला असाल तर मधूनमधून सरी, दोन सरींमध्ये अर्धा-पाऊण तास उघडीप, बेरीज दहा-पंधरा मिमी. इंदापूरला असाल तर ढग, जोराचा वारा आणि फार तर भुरभुर. घाटात धो धो कोसळत असतो तेव्हा पूर्वेकडच्या तालुक्यांत नुसता वारा सुटतो, हे जून-जुलैत नेहमीचंच.

सात दिवसांपैकी पहिल्या दोन-तीन दिवसांवर बेत आखावा. चौथ्या-पाचव्या दिवसाचा फक्त कल घ्यावा. सहाव्या-सातव्या दिवसाची नोंद पेन्सिलने करावी आणि रोज खोडून नवी लिहावी. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाजही निघतो. त्यात सरासरीपेक्षा जास्त की कमी एवढंच बघायचं, तारीख शोधायची नाही.

फोनमधल्या ॲपवरचं ढगाचं चित्र हे वेगळंच प्रकरण. जुलैत ते दहाही दिवस पाऊस दाखवतं आणि कोकणात ते खरंही ठरतं, पण त्यातून हाताला काही लागत नाही. ॲपवर दिसणारे ६० टक्के म्हणजे दिवसाचा साठ टक्के वेळ पाऊस नव्हे आणि पावसाचा जोरही नव्हे. त्या ठिकाणी पाऊस पडण्याची ती शक्यता आहे. शिवाय जगभराच्या हवामानाची संगणकी प्रारूपं (मॉडेल्स) नऊ ते तेरा किलोमीटरच्या चौकटीत हिशेब करतात आणि सह्याद्रीचा कडा त्या चौकटीत सपाट होऊन जातो. भारतीय हवामान विभागाने मे २०२५ मध्ये सहा किलोमीटर चौकटीची प्रणाली सुरू केली, तरी एका दरीतला पाऊस तिलाही पकडता येत नाही.

पाऊस कोणत्या वाटेने येतोय ते ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अंदाजाच्या सुरुवातीला दोन-तीन ओळींत ‘हवामान स्थिती’ लिहिलेली असते आणि बहुतेक जण ती वगळून पुढे जातात. कोणत्या कारणाने पाऊस येतोय हे तिथेच कळतं. त्यावरून तो दिवसाच्या कोणत्या वेळी येईल, किती टिकेल आणि कुणाला सोडून जाईल याचा बराच अंदाज बांधता येतो.

‘किनारपट्टीला समांतर कमी दाबाचा पट्टा’ असं लिहिलं असेल तर कोकण आणि घाट. पट्टा दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत पसरलेला असेल आणि पश्चिमेचे वारे जोरात असतील, तर तीन-चार दिवसांची झड धरा. हा पाऊस सरींनी येतो. पंधरा-वीस मिनिटं झोडपतो, थांबतो, पुन्हा येतो. किनाऱ्यावर त्याचा जोर बऱ्याचदा रात्री आणि पहाटे वाढतो. रात्री दहाला चांदणं दिसलं म्हणून पहाटेची गाडी गाठायला उशिरा निघू नका. मुंबईत याच्याबरोबर भरतीचं वेळापत्रक बघावं लागतं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोरदार सर एकाच वेळी आली की नाल्यांची तोंडं समुद्राच्या पातळीखाली जातात, पाणी बाहेर पडत नाही आणि सखल भाग तुंबतात. तोच पाऊस ओहोटीला आला तर तासाभरात ओसरतो.

‘वायव्य बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र’ हे वाचलं की विदर्भाने कान टवकारायचे. ओडिशाच्या किनाऱ्याजवळ तयार झालेलं क्षेत्र साधारण पश्चिम-वायव्येकडे सरकतं. एक-दोन दिवसांत छत्तीसगड, दोन-तीन दिवसांत मध्य प्रदेश किंवा विदर्भ. पावसाळ्यात अशा क्षेत्राचा सर्वाधिक पाऊस केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो. म्हणूनच केंद्र मध्य प्रदेशात असलं तरी नागपूर, अमरावती, जळगाव भिजतात. त्याच वेळी ते अरबी समुद्रावरचे वारे ओढून घेतं, म्हणून विदर्भाबरोबर कोकण आणि घाटही पेटतात. मधला मराठवाडा कधी भिजतो, कधी कोरडाच राहतो. ते क्षेत्र किती दक्षिणेने गेलं त्यावर हे ठरतं. रोज त्याची जागा नकाशावर टिंबाने मांडा. तिसऱ्या टिंबानंतर ते उत्तर प्रदेशाकडे वळताना दिसलं तर पेरणीवाल्याने थांबावं.

‘मान्सूनची आस (उत्तर भारतावरचा कमी दाबाचा लांब पट्टा) हिमालयाच्या पायथ्याशी’ म्हणजे खंड. हिमालयालगत आणि ईशान्येत पाऊस, महाराष्ट्रात उघडीप. असा खंड आठवडाभर तरी टिकू शकतो, कधी जास्तही. त्या दिवसांत मराठवाड्यात दुपारी एखादा गडगडाटी ढग उठतो, एका शिवारात पडतो आणि शेजारचं शिवार कोरडं ठेवतो. त्याला खंड संपला असं समजू नये.

उरला तापमानाचा पाऊस. मे महिन्यातला वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा. सकाळ स्वच्छ, उकाडा भयंकर, दुपारी एकनंतर ढगांचे मनोरे चढायला लागतात आणि तीन ते सातच्या दरम्यान कोसळतात. अर्धा-पाऊण तासात खेळ आटोपतो. पावसाआधी दहा मिनिटं एकदम गार वाऱ्याचा झोत येतो आणि धूळ उडते, तेव्हाच पत्रे आणि फांद्या जातात. परतीच्या दिवसांत वरचे वारे पूर्वेकडून असतात, त्यामुळे पुण्या-साताऱ्याकडे ढग बहुधा पूर्वेकडून येताना दिसतो. जुलैच्या सवयीने पश्चिमेकडे बघत बसलात तर भिजाल. या पावसात ‘तुरळक’ शब्दाला खरी धार येते.

फेब्रुवारी ते एप्रिलमधला अवकाळी आणि गारपीट ही वेगळी गोष्ट. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी वाऱ्यांची प्रणाली) सरकतो, खालून उपसागर किंवा अरबी समुद्रावरची ओली हवा येते आणि दोन्हींची गाठ राज्यावर पडते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भाने ती भोगली. द्राक्ष, कांदा, गहू काढणीला असेल तर ‘गारपीट’ हा शब्द पाच दिवसांच्या इशाऱ्यात कुठेही दिसला की ताडपत्री बाहेर काढा.

नक्षत्रांचाही उल्लेख करायला हवा. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा ही सूर्याच्या चालीवर बांधलेली तेरा-चौदा दिवसांची विभागणी आहे. कोणत्या पंधरवड्यात साधारण कसा पाऊस असतो ते लक्षात ठेवायला ती चांगली. येत्या गुरुवारी काय होईल ते मात्र तिच्यातून कळत नाही, मग वाहन बेडूक असो की कोल्हा.

त्या दिवशी: रडार आणि तीन तासांचा अंदाज

घराबाहेर पडायच्या आधी आठवड्याचा अंदाज बाजूला ठेवा आणि रडार उघडा. कुलाबा, वेरावली, नागपूर आणि गोवा इथल्या रडारची चित्रं हवामान विभागाच्या संकेतस्थळावर दर काही मिनिटांनी बदलतात.

१. चित्रावरची वेळ बघा. ती काही ठिकाणी जागतिक वेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा. हे विसरलं की सकाळचा ढग दुपारी शोधत बसता.

२. रंगपट्टी बघा. २० ते ३० चा आकडा म्हणजे हलका, ४० च्या वर जोराचा, ५० च्या वर गेला आणि गडगडाट असेल तर गाराही असू शकतात.

३. दहा-दहा मिनिटांच्या अंतराची तीन चित्रं घ्या. पट्टा दहा मिनिटांत पाच किलोमीटर सरकला तर वेग ताशी तीस. तुमच्यापासून पंधरा किलोमीटरवर असेल तर अर्ध्या तासात पोचेल.

हा हिशेब तासाभरापुरताच. गडगडाटी ढग सरकता सरकता विरतात आणि बाजूला नवे उठतात. दुसरी अडचण घाटाची. रडारचा झोत जसजसा लांब जातो तसतसा जमिनीपासून उंच होतो, दीडशे किलोमीटरवर तो दोन किलोमीटरपेक्षा वर असतो. घाटातला पाऊस बऱ्याचदा बुटक्या ढगांतून पडतो, तो झोताच्या खालीच राहतो. रडारवर घाट रिकामा दिसतो आणि खाली ओढे फुगलेले असतात. उपग्रहाच्या चित्रातही हेच होतं. पांढराशुभ्र भाग म्हणजे उंच, थंड माथ्याचा ढग. त्याच्या खाली पाऊस असेलच असं नाही, आणि घाटातला बुटका ढग राखाडीच दिसतो. घाटात भटकणाऱ्याने म्हणून रडारपेक्षा इशाऱ्यावर विश्वास ठेवावा, आणि ओढा ओलांडून जाण्याआधी परतताना तो दुप्पट असेल असं धरून चालावं.

याला जोड म्हणून हवामान विभाग तीन तासांपुरता ‘नाऊकास्ट’ देतो. विजांसाठी ‘दामिनी’ ॲप आहे. ॲप नसेल तर कान वापरा: वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा. शेतातल्या एकट्या झाडाखाली उभं राहणं सगळ्यात वाईट.

२६ जुलै २००५ चा आकडा सगळ्यांना पाठ आहे: सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७४ मिमीच्या आसपास पाऊस झाला. मधलं अंतर पंचवीस किलोमीटरही नाही. ‘मुंबईत पाऊस आहे का’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं.

स्वतः मोजा

सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा काचेचा किंवा प्लास्टिकचा डबा घ्या. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं हवं. आत मिलिमीटरची पट्टी उभी धरली की पाऊस वाचता येतो. शीतपेयाची बाटली कापून वापरायची असेल तर खालचा खाचाखोचांचा भाग आधी भरून सपाट करावा लागतो, नाहीतर पहिले मिलिमीटर त्यातच हरवतात. पसरट टब वापरू नका, थेंब उडून जातात आणि ऊन पडलं की पाणी आटतं.

पट्टीपेक्षा अचूक मार्ग मोजपात्राचा. पाणी मिलिलिटरमध्ये मोजा, डब्याच्या तोंडाच्या चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाने भागा आणि दहाने गुणा. दहा सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेंमी, म्हणजे साधारण ७.९ मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस.

डब्याचं तोंड जमिनीपासून फूटभर वर आणि अगदी समतल ठेवा. भिंत, झाड किंवा छत जितकं उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा. गच्चीच्या कठड्याला चिकटवलेला डबा वाऱ्यामुळे कमी पाऊस दाखवतो. रोज सकाळी साडेआठला मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. शेजारच्या रकान्यात आदल्या दिवशीचा अंदाज आणि आपल्या महसूल मंडळातल्या ‘महावेध’ या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा. एका हंगामात कळतं की आपल्याकडे मंडळाच्या आकड्यापेक्षा नेहमी कमी पडतो की जास्त. नुकसानभरपाईसाठी मात्र मंडळाचाच आकडा धरतात, वहीचा नाही.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर, गुंठ्यावर शंभर लिटर आणि एकरावर चार हजार लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी.

कृषी विभाग ७५ ते १०० मिमी पाऊस होईपर्यंत पेरणी करू नका असं सांगतो, ते या वहीमुळे पाळता येतं. पण नुसती बेरीज बघू नका. एका संध्याकाळच्या वळवात ८० मिमी पडला तर बराचसा वाहून जातो आणि ओल वरवरचीच राहते. चार-पाच दिवसांत थोडा थोडा मुरलेला ८० मिमी वेगळा. टिकाव मारून ओल किती खोल गेली ते बघा, मग पुढच्या आठवड्याच्या ‘हवामान स्थिती’त खंडाची चिन्हं नाहीत ना ते वाचा. दोन्ही जुळली नाहीत तर दुबार पेरणीचं बियाणं आणि खत पुन्हा खिशातून जातं. फवारणीला याउलट कोरडे तास लागतात. औषधाच्या वेष्टनावर किती तास पाऊस नको ते लिहिलेलं असतं. जुलैत पश्चिमेकडच्या भागात तेवढी उघडीप दिवसाच्या अंदाजात सापडत नाही, ती सकाळच्या रडारवर शोधावी लागते. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत मिळतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, वारा आणि पिकानुसार काय करायचं ते असतं, म्हणून फवारणीचा दिवस ठरवण्याआधी तो एकदा उघडून बघा.